एप्रिलचे नियम

कोल्हापुरातल्या गिरणीच्या फाटकाशी बायकांचा घोळका उभा होता, आणि घोळक्याच्या मधोमध शालूबाईच्या हातात एक पितळी तांब्या होता. तांब्याचं तोंड रुमालानं बांधलेलं.

सन चोपन्नचा एप्रिल. जोतिबाची चैत्र यात्रा नुकतीच आटोपली होती आणि फाटकासमोरच्या रस्त्यावर अजून गुलाबी धूळ उडत होती. कृष्णात पोवार त्या धुळीतून सायकल हाताने ढकलत आत शिरणार, एवढ्यात घोळक्यानं त्याची वाट अडवली.

"ओ पावणं, पगारातलं पैकं कापणारं सायेब तुमीच न्हवं?"

"मी... फंडाचा कारकून. कालच रुजू झालो."

"मग घाला हात."

"कशात?"

"तांब्यात की! चिठ्ठी काढा. यंदा कुणाचा नंबर लागतोय बगू तरी."

कृष्णातनं तांब्याकडे पाहिलं, शालूबाईकडे पाहिलं. मग मदतीसाठी इकडेतिकडे पाहिलं. घोळक्याच्या मागे, दगडी खांबाला टेकून एक मुलगी उभी होती. हातात हजेरीचं बुक, केसांत पेन्सिल खोचलेली. ती ओठ दाबून हसत होती.

"काय आहे हे?" त्यानं विचारलं.

"भिशी," ती म्हणाली. "दर महिन्याला सगळ्यांनी थोडे थोडे टाकायचे. जिची चिठ्ठी निघेल तिनं सगळे उचलायचे. तुम्ही वर्षभर सगळ्यांच्या पगारातून कापलंत. आता वर्ष संपलं. मग नंबर कुणाचा?"

"पण ती भिशी नव्हे! तो प्रॉव्हिडंट फंड आहे."

"ते मला माहीत आहे. त्यांना सांगा."

कृष्णात उत्साहानं फाटकाजवळच्या बाकावर चढला. घसा साफ करून म्हणाला, "भगिनींनो, कर्मचाऱ्याचे अंशदान आणि मालकाचे समप्रमाणातील अंशदान मिळून जो निधी संचित होतो, तो सेवानिवृत्तीच्या प्रसंगी..."

"ह्यो कीर्तन करतोय का शिव्या देतोय गं?" चिमणाबाईनं शेजारणीला विचारलं.

हशा पिकला. कृष्णात बाकावर तसाच उभा राहिला. मग खांबाजवळची ती मुलगी पुढं आली.

"शालाक्का, तुमच्या घरात बियाणाची कणगी हाय का न्हाय?"

"हाय की."

"तिचं तोंड शेणामातीनं लिंपून ठेवता. ते कशापायी?"

"मधीच कुणी हात घालू नये म्हणून. पोटाला चिमटा बसला तरी बी खायाचं नस्तं बाई."

"मग ह्यो फंड म्हंजी तुमच्या म्हातारपणाचं बी. एक मूठ तुमी टाकायची, एक मूठ गिरणीनं टाकायची. वर तोंड लिंपल्यालं. चिठ्ठी न्हाय, नंबर न्हाय. ज्येचं त्येला."

"मालकबी टाकतोय?"

"टाकावंच लागतंय. सरकारचा कायदा हाय."

मग शालूबाईनं तांब्याचा रुमाल सोडला आणि बाकावरच्या कृष्णातकडे मोठ्या मायेनं पाहिलं. "आसं सरळ बोलायचं की रं बाबा! तुला कुणी शिकवलं न्हाय का?"

"मुंबईला शिकलेत ते," ती मुलगी म्हणाली.

"व्हय? बिच्चारा."

घोळका पांगला. कृष्णात बाकावरून उतरला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"कणगी मला का नाही सुचली?" तो म्हणाला. "आमच्या घरीही आहे. गारगोटीला."

"गारगोटीचे? आणि 'अंशदान' म्हणता?"

"मुंबईला शिकायला गेल्यापासून."

"मग सुट्टीत घरी गेल्यावर आईकडे काय मागता... भोजन?"

तो इतका मोकळा हसला की तिलाही हसू आवरेना. तेवढ्यात भोंगा झाला आणि ती आत पळाली. तिचं नाव विमला चौगुले, आणि रिळिंग खात्यात, म्हणजे जिथं बायका सुताच्या लडी गुंडाळतात तिथं, ती हजेरी लावते — हे त्यानं दुपारपर्यंत शोधून काढलं.

*

कामगारांची बचत आणि औषधपाणी, या दोन गोष्टींचे नियम गिरणीत दर एप्रिलला बदलत. वर्षभर कमिटी बसे, कुणी काही सुचवी, कुणी ते खोडून काढी, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नवा कागद फाटकाच्या फळ्यावर लागे. तो कागद मराठीत लिहिण्याचं काम कृष्णातकडे आलं होतं.

तांब्याच्या प्रसंगानंतर त्यानं एक सवय लावून घेतली. काहीही लिहिलं की दुपारच्या सुट्टीत वखारीच्या सावलीत यायचं आणि विमलाला वाचून दाखवायचं. विमला भाकरी खाता खाता ऐकायची.

"'रुग्णतेच्या प्रसंगी'..."

"आजारी पडल्यावर."

"'वैद्यकीय प्रमाणपत्र सादर केल्यास'..."

"डॉक्टरची चिठ्ठी आणली तर."

"विमलाबाई, तुम्ही माझं सगळं लिहिणं अर्धं करता."

"उरलेलं अर्धंही लांबच आहे."

तो कागदावर खोडायचा. खोडताना त्याची मान खाली असायची, तेव्हा ती त्याच्याकडे पाहायची. तो वर बघायचा, तेव्हा ती भाकरीकडे पाहायची. शालूबाई लांब बसून हे सगळं पाहायची आणि मुद्दाम मोठ्यानं खाकरायची.

पावसाळा सरला. एका संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर दोघांची गाठ पडली. म्हशी ओळीनं उभ्या होत्या, गवळी समोरच पेल्यात धार काढून देत होते, आणि तालमीतली पोरं उभ्या उभ्या पेले रिकामे करत होती. कृष्णातही त्यांच्यातच उभा होता. विमलाच्या हातात छोटी किटली होती.

तिनं नुसतं आपल्या ओठावरून बोट फिरवलं. त्याला समजेना. तिनं पुन्हा बोट फिरवलं. मग एकदम लक्षात येऊन त्यानं मिशीवरचा फेस पुसला.

"किटली कुणासाठी?" तो म्हणाला. "बोलायला काहीतरी हवं म्हणून विचारतोय."

"आईसाठी." तिनं किटलीचं झाकण उगाच काढून पुन्हा लावलं. "डॉक्टर म्हणाले, दूध द्या, अंडी द्या. संध्याकाळी ताप येतो. खोकला आहे... बरेच महिने."

रोगाचं नाव तिनं घेतलं नाही, त्यानंही विचारलं नाही. त्या काळी ते नाव कुणी मोठ्यानं घेत नसे. शुक्रवार पेठेतल्या ज्या खोलीत मायलेकी राहत, तिथल्या शेजारणींनी सुद्धा नाव न घेताच सांगितलं होतं, की नळावर तुमची घागर जरा बाजूला ठेवत जा.

"गिरणीचा दवाखाना आहे ना," कृष्णात म्हणाला.

"तो माझ्यासाठी आहे. आई कुठं गिरणीत आहे?"

पलीकडे एक म्हैस पाय झाडत होती, गवळी तिला शिव्या घालत होता. कृष्णातनं रिकामा पेला कट्ट्यावर ठेवला.

"पुढच्या एप्रिलला," तो अखेर म्हणाला, "आईवडील त्यात आणता येतात का बघतो."

"तुम्ही?"

"लिहिणारा मीच आहे ना."

ती हसली, पण हे हसणं वेगळं होतं. त्यात थट्टा नव्हती. घरी जाताना किटलीतलं दूध हिंदकळू नये म्हणून ती हळू चालत होती, आणि तो सायकल हातात धरून तिच्याहून हळू.

*

त्यानं खरोखरच ते करून दाखवलं. सारं वर्ष तो कमिटीच्या मागे लागला. दुसऱ्या गिरण्यांचे दाखले आणले, डॉक्टरला बोलायला लावलं, आणि पंचावन्नच्या एप्रिलला फळ्यावर कागद लागला — कामगाराच्या आईवडिलांनाही दवाखाना, आणि डॉक्टरांनी सांगितलं तर मिरजेजवळच्या आरोग्यधामात खाट. खर्च गिरणीचा.

विमलानं तो कागद बायकांना वाचून दाखवला. एकही शब्द अडला नाही. चिमणाबाईनं डोळ्याला पदर लावला. तिची सासू दम्यानं बेजार होती.

पंधरा-वीस दिवसांत विमलाच्या आईला, अंबूबाईला, मिरजेला पोचवायचं ठरलं. गिरणीतर्फे सही करायला कृष्णात बरोबर गेला. अंबूबाई गाडीत खिडकीशी पडून राहिली होती. कोडोलीची शेतकरीण, अंगानं वाळून काठी झाली होती तरी जीभ शाबूत होती. "ह्यो कोण गं संगं?" तिनं विचारलं. "गिरणीतले आहेत," विमला म्हणाली. अंबूबाईनं डोळे मिटले आणि म्हणाली, "गिरणी लई मोठी हाय. त्यातलं नेमकं ह्येच बरं आलं?"

आईला खाटेवर निजवून दोघं संध्याकाळच्या गाडीनं परतली. कोल्हापूर स्टेशनात उतरली तेव्हा वळीव भरून आला होता. टपोरे थेंब पत्र्यावर ताडताड वाजू लागले. दोघं आडोशाला थांबली.

"एक बोलू?" कृष्णात म्हणाला.

"बोला."

"आमच्या आईला पुढच्या आठवड्यात कोल्हापूरला बोलवू का? म्हणजे... अंबाबाईचं दर्शनही होईल. आणि... तुम्हाला बघणंही होईल."

विमलानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. तिच्या ओठांवर हसू यायला लागलं होतं. अगदी कडेपर्यंत आलं, आणि तिथंच थांबलं.

"खालची ओळ आठवते तुम्हाला?" ती म्हणाली.

"कुठली ओळ?"

"नव्या कागदातली. अगदी खालची. 'लग्न झालेल्या कामगार बाईचे आईवडील म्हणजे तिचे सासूसासरे धरावेत.'"

कृष्णातनं डोक्यावरची टोपी काढली.

"गाडीत आईचं डोकं मांडीवर होतं तेव्हा एकाएकी ती ओळ डोक्यात आली. माझं लग्न झालं की माझी आई माझी धरली जाणार नाही. बरोबर ना?"

"हो. पण मग माझ्याकडून..." तो थांबला. पुरुषाची बायको, मुलं आणि त्याचे आईवडील. सासूचं नाव कुठंच नव्हतं. त्याच्याइतकं ते कुणाला ठाऊक होतं?

"तुमच्याकडूनही नाही," ती म्हणाली. "ज्या दिवशी अक्षता पडतील, त्या दिवशी आईची खाट सुटेल. तिथली औषधं आपल्या दोघांच्या पगारात बसत नाहीत, हे तुम्हालाही कळतं."

पत्र्यावरचा आवाज वाढला. मग तिनं, जवळजवळ न ऐकू येईल अशा आवाजात विचारलं, "ती ओळ लिहिली कुणी?"

"मी."

"मला तर वाचून दाखवली नव्हती."

"शेवटी घातली, घाईत. दाखवण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलंच नाही. लग्न झालं की मुलगी सासरची... हे इतकं लहानपणापासून ऐकलेलं, की हातानं आपोआप लिहिलं."

तिला राग यायला हवा होता. पण राग आला नाही. "मीही ती मोठ्यानं वाचली," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर. वाचताना माझी जीभसुद्धा अडखळली नाही."

टांगेवाले ओरडत होते. पाऊस थांबल्यावर ती आपल्या वाटेनं गेली, तो आपल्या.

*

"पुढच्या एप्रिलला बदलून घेऊ," कृष्णात म्हणाला, आणि विमलानं मान हलवली. एका वर्षाचा प्रश्न. माणसं याहून जास्त थांबतात.

ती महिन्यातल्या पहिल्या रविवारी मिरजेला जायची. त्याहून जास्त जमत नसे. गाडीभाडं होतं, आणि इतर रविवारी ती दोन घरच्या मुलींना शिकवायची. सोमवारी गिरणीत आली की तो विचारायचा, "आई कशी आहे?" आणि ती सांगायची. कधी वजन वाढलेलं असायचं, कधी थुंकीत पुन्हा लाल दिसलेलं असायचं. फुप्फुसाला विसावा मिळावा म्हणून डॉक्टर छातीत सुईनं हवा भरत होते. किती दिवस लागतील ते कुणी सांगत नव्हतं.

गारगोटीहून कृष्णातच्या आईचे निरोप येत होते. अमक्याची मुलगी आहे, तमक्याची आहे, तू येतोस कधी? तो काहीतरी कारण काढायचा.

कमिटीपुढं त्यानं लिहून दिलं, की लग्न झालेल्या बाईला स्वतःचे आईवडील धरायची मुभा असावी. दत्तोपंत, गिरणीचे हेडक्लार्क, कमिटीतले जुने माणूस. त्यांनी कागद वाचला आणि चष्मा वर सारला.

"पोवार, आज हिची आई घेतली तर उद्या जावयाच्या नावावर सासरा खोकत येईल. परवा मेव्हणा येईल. दवाखाना आहे की धर्मशाळा?"

कमिटी हसली. वाईट माणसं नव्हती ती. प्रत्येकाच्या घरात सून होती आणि सुनेची आई कुठंतरी दुसरीकडे होती, एवढंच.

छप्पन्नच्या एप्रिलला फळ्यावर नवा कागद लागला. त्या वर्षी चष्म्याचा खर्च मिळू लागला. चिमणाबाईनं महिन्याभरात चष्मा केला आणि तो घालून साऱ्या खात्यात फिरली. "आगं बया," ती म्हणाली, "शाले, तू एवढी काळी हायस व्हय?"

सगळ्या खो खो हसल्या. विमलाही हसली. मग ती वखारीच्या मागं गेली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. जरा वेळानं कृष्णात तिथं आला.

"अजून एक वर्ष," तो म्हणाला. "मी परत मांडतो." मग नेहमीसारखं, मायेनं विचारलं, "आई कशी आहे?"

"ते विचारू नका."

"का? काय झालं?"

"काही झालं नाही. तशीच आहे. बरी होत नाही... आणि..." तिनं वाक्य सोडलं. मग सगळा धीर गोळा करून बोलली. "ती बरी झाली की आपलं लग्न होईल. किंवा ती... ती गेली की होईल. तिसरी वाट नाही. तुम्ही 'आई कशी आहे' विचारता ना, त्याच्यामागे मला दुसराच प्रश्न ऐकू येतो. अजून किती दिवस?"

"माझ्या मनात असलं काही..."

"तुमच्या नसेल. माझ्या आहे. मागच्या रविवारी डॉक्टर म्हणाले, येता पावसाळा कठीण जाईल. मी काय केलं माहीत आहे? मनात महिना मोजला. माझ्या आईचा." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते असतं तर बरं झालं असतं. "तुम्ही थांबलात की मी मोजत राहणार. म्हणून थांबू नका. गारगोटीला जा. आईनं मुलगी बघितली असेल, तिला हो म्हणा."

"विमल..."

पहिल्यांदाच त्यानं तिला नुसत्या नावानं हाक मारली होती. ती तोवर वळून चालू लागली होती.

*

त्यानंतर दुपारच्या सुट्टीत वखारीच्या सावलीला कुणी बसलं नाही. कृष्णात कागद फळ्यावर लावायचा, विमला तो बायकांना वाचून दाखवायची. कागदातले शब्द आता सोपे असायचे. कुठंच काही खोडावं लागत नसे, आणि त्याचंच तिला वाईट वाटायचं.

दिवाळी गेली. एक दिवस शालूबाई लडी गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "विमल, त्यो गारगोटीवाला ऐतवारी कुटं जातोय गं? खानावळवाली धोंडुबाई सांगत हुती, ऐतवारी ताटावर नसतोय. पहाटंच्याला अंघूळ करून, धुतल्याली कापडं घालून जातोय म्हनं. पोरगी ठरली असंल."

"ठरली असेल," विमला म्हणाली. "बरं झालं."

त्या दिवशी तिनं चिमणाबाईची गैरहजेरी लावली. "आगं, मी हितं तुज्याफुडं उभी हाय की!" चिमणाबाई ओरडली. "चष्मा मला लागलाय का तुला?"

पहिल्या रविवारी ती मिरजेला गेली तेव्हा अंबूबाई खाटेवर उशीला टेकून बसली होती. थंडीनं ओठ निळसर झाले होते. बोलताना दम लागत होता, तरी बोलत होती. "चिमणीनं चष्मा लावून शालीला काळी म्हटलं म्हनं."

"तुला कुणी सांगितलं?"

"वाऱ्यानं." आणि अंबूबाईनं भिंतीकडे तोंड केलं.

विमलाला वाटलं, मीच कधीतरी सांगितलं असेल. हल्ली तिच्या ध्यानात काही राहत नव्हतं.

*

पुढं संक्रांत आली. शिकवणीच्या मुली गावी गेल्या होत्या, म्हणून आपला रविवार नसतानाही विमलानं बाजरीची भाकरी आणि तिळगुळाची पुडी बांधली आणि सकाळची गाडी धरली. बाहेर उसाची शेतं तोडून मोकळी पडली होती. धुकं होतं. ती खिडकीशी बसून ठरवत होती, की आईशी आज फक्त गोड गोड बोलायचं.

वॉर्डाच्या दाराशी ती थबकली.

आतून कुणीतरी मोठ्यानं वाचत होतं. "'...आन् तिसऱ्या मिनिटाला पंजाबच्या पैलवानानं पट काढला. पर आपल्या गड्यानं त्येला खालनं घिस्सा मारून...'"

"पाडलं?" आईचा आवाज. "का न्हाय पाडलं? लौकर सांग की रं!"

"पाडलं की! आभाळ दावलं!"

"हां! आपल्या मातीतला हाय त्यो!"

खाटेजवळच्या स्टुलावर कृष्णात बसला होता. हातात वर्तमानपत्र, पायाशी दुधाची किटली. छापलेली पुस्तकी मराठी तो वाचता वाचता अंबूबाईच्या बोलीत फिरवत होता. कुठं अडत नव्हता.

त्यानं मान वर केली आणि विमलाला पाहिलं. वर्तमानपत्र खाली आलं. अंबूबाई दोघांकडे आळीपाळीनं बघत म्हणाली, "जावा भाईर जरा. मला झोप लागतीया." झोप कुठली लागतीय! डोळे टक्क उघडे होते.

व्हरांड्यात गार वारा होता. ओळीनं लोखंडी खाटा, त्यांवर लाल कांबळी पांघरलेली माणसं उन्हाची वाट बघत पडलेली. दोघं कठड्याशी उभी राहिली.

"केव्हापासून?" विमलानं विचारलं.

"पावसाळ्यापासून. तुमचा रविवार सोडून."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तुम्ही विचारू नका म्हणालात. मग मी विचारलं नाही." तो कठड्यावरचा रंग नखानं खरवडत राहिला. "खरं सांगू? तुम्ही त्या दिवशी बोललात, आणि मला माझीच भीती वाटली. मी खात्रीनं 'माझ्या मनात तसं नाही' म्हणालो होतो. रात्री वाटलं, असलं तर? म्हणून आलो. समोर बसून बघावं म्हटलं, आपल्या मनात कुठला प्रश्न आहे."

"कळलं?"

"पहिल्या एक-दोन वेळा दोन्ही प्रश्न होते." तो खोटं बोलू शकला असता, पण बोलला नाही. "मग त्यांनी मला कुस्त्या वाचायला लावल्या. वाचन येत नाही म्हणून झापलं. आता मला एवढं माहीत आहे, की त्यांना इथल्या भाताचा वीट आलाय, डाव्या कुशीवर दुखतं, आणि उजव्या कुशीवर झोपलं की दार दिसत नाही म्हणून करमत नाही. आठवडाभर डोक्यात तेवढंच असतं. खाट फिरवून मिळेल का ते आज विचारणार होतो."

आई उजव्या कुशीवर झोपत नाही हे विमलाला ठाऊक होतं. का, ते मात्र ठाऊक नव्हतं.

"एप्रिलला मी परत मांडणार आहे," तो म्हणाला. "परत हसतील. ती ओळ यंदाही तशीच राहील, असं वाटतं."

"आणि आई?"

"डॉक्टरांना मी विचारत नाही. ते सांगायला लागले की मी उठून जातो." मग तो म्हणाला, "लग्न नाही झालं तरी मी रविवारी येणार, विमल. हे त्यासाठी नाही."

तिनं कठड्यावर ठेवलेल्या त्याच्या हाताकडे पाहिलं. नखात रंगाचे कपचे अडकले होते. तिनं पदराच्या टोकानं ते हळूच झाडले. जणू हजेरीच्या बुकावरची धूळ झाडावी, तसे. पण हात लगेच मागं घेतला नाही.

ती दोघं आत आली. अंबूबाई "झोपेतनं" तत्काळ उठली. विमलानं भाकरीचा तुकडा दुधात कुस्करून दिला. आईनं दोन घास खाल्ले, तिसऱ्याला खोकल्याची उबळ आली आणि कितीतरी वेळ थांबेचना. कृष्णातनं पाठीशी उशी धरली, विमलानं भांडं धरलं. उबळ थांबल्यावर भांड्यात काय आहे ते दोघांनी पाहिलं, आणि एकमेकांकडे पाहिलं नाही. भांडं झाकून विमलानं ते खाटेखाली सारलं.

घंटा झाली. सयाजी नावाचा वॉर्डबॉय दारात आला. "चला, भेटीची येळ सपली. निस्तं घरचं एकच माणूस थांबंल, बाकीच्यांनी भाईर." त्यानं विमलाकडे पाहिलं. "तुमी लेक. म्हाईत हाय." मग कृष्णातकडे वळला. "पावणं, तुमी ऐतवारचं येताय खरं, पर तुमचं नातं काय ते कुणी लिवल्यालंच न्हाय. कोण तुमी आज्जीचं?"

कृष्णात उठला. टोपी उचलली. या प्रश्नाचं उत्तर त्यानं स्वतःच एकदा लिहून ठेवलं होतं.

"कोण न्हाय त्यो अजून," अंबूबाई धापा टाकत म्हणाली. "पर बसू दे की रं त्येला."

"आज्जी, नियम हाय."

कृष्णात दाराकडे निघाला. तेवढ्यात विमला मधे येऊन उभी राहिली. गिरणीत साहेबांशी बोलताना जी भाषा ती वापरायची ती आता तिला आठवलीच नाही. कोडोलीच्या शेतात जी बोलायची तीच तोंडातून आली, आणि साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं आली.

"माझं माणूस हाय त्ये. बसंल हितंच."

व्हरांड्यातल्या खाटांवरची डोकी वळली. सयाजीनं तिच्या तोंडाकडे पाहिलं, भांड्याकडे पाहिलं, आणि कान खाजवत पुढच्या खाटेकडे निघून गेला.

कृष्णात टोपी हातात घेऊन उभाच होता. विमलानं स्टूल पायानं त्याच्याकडे सरकवलं, आणि आपण आईच्या पायाशी खाटेच्या कडेवर बसली.

"आता दुसरी कुस्ती," अंबूबाई डोळे मिटून म्हणाली. "वाच रं."